नंबर कोणाच्या नावावर

भीमराव शेजवळांच्या मोबाइलची कंपनी विकली गेली, ही बातमी त्यांना त्यांच्याच मोबाइलवर कळली. मेसेज इंग्रजीत होता. त्यांच्या मुलाने, महेंद्रने, तो सकाळच्या चहाबरोबर मोठ्याने वाचून मराठीत सांगितला. प्रिय ग्राहक, सेतू मोबाइल आता ओरिएल परिवारात सामील होत आहे. तुमचा नंबर तोच राहील, प्लॅन तोच राहील, बॅलन्सही तेवढाच राहील. काहीही बदलणार नाही.

"मग सांगितलंच कशाला?" भीमराव म्हणाले.

अंबरनाथच्या फॅक्टरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. साहेब बदलला की नोटीस बोर्डावर पहिला कागद हाच लागायचा, काहीही बदलणार नाही म्हणून. आणि मग महिन्याभरात कॅन्टीनच्या चहापासून सुट्टीच्या अर्जापर्यंत सगळं बदलायचं. तेव्हा ज्याला कुणी हे वाक्य आवर्जून ऐकवतं, त्याने सावध व्हावं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

बदल आले ते बारीकसारीकच होते. स्टेशनबाहेरच्या हिरव्या पाट्या उतरल्या आणि जांभळ्या चढल्या. बॅलन्स सांगणारी बाई बदलली. जुनी बाई निवांत बोलायची, ही नवी मागे कुणी लागल्यासारखी आकडे सांगून मोकळी व्हायची. बदलापूरच्या पुढे रेंज दोन दिवस गेली आणि परत आली. दोन हजार सात सालची दिवाळी अशी पार पडली. मग दुसरा मेसेज आला. सेतूच्या सर्व जुन्या ग्राहकांनी फोटो आणि ओळखपत्रासह कंपनीच्या ग्राहक गॅलरीत येऊन तीस नोव्हेंबरपर्यंत नोंद पक्की करावी, अन्यथा नंबर बंद होईल.

भीमरावांचा नंबर बंद होणं ही काही फक्त भीमरावांची अडचण नव्हती. ते बौद्धाचार्य होते. पांढरा सदरा-लेंगा घालून समाजातली लग्नं लावायची, बाळांची नामकरणं करायची, आणि माणूस गेला की अंत्यविधीपासून नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत त्या घराच्या सोबत उभं राहायचं. हे सगळं नोकरी सांभाळून, आणि आता निवृत्तीनंतर पूर्णवेळ. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत चार विहारांच्या फलकांवर त्यांचा नंबर ऑइलपेंटने रंगवलेला होता. किती घरांत तो दाराच्या मागे खडूने लिहिलेला होता, ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरात माणूस गेल्यावर लोक डायरी शोधत बसत नाहीत. जो नंबर डोळ्यांसमोर असतो, तोच लावतात.

शिवाय त्याचे शेवटचे चार आकडे होते एक नऊ पाच सहा. एकोणीसशे छप्पन साली भीमरावांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला होता. लहान मुलांनासुद्धा तो नंबर पाठ व्हायचा.

ते मतदार ओळखपत्र आणि दोन फोटो घेऊन उल्हासनगरच्या गॅलरीत गेले. तासभर रांगेत उभे राहिले. काउंटरवर शीला नावाची मुलगी होती, छातीवरच्या बिल्ल्यावर तसं लिहिलेलं होतं. जांभळा टीशर्ट नवा होता, पण खुर्ची सेतूचीच, हिरवी. तिने नंबर टाइप केला आणि हसून विचारलं, "दिनानाथ म्हसकर ना काका तुम्ही?"

भीमरावांनी मतदार ओळखपत्र तिच्यापुढे सरकवलं.

"नाही," ते म्हणाले. "मी भीमराव शेजवळ."

"पण हा नंबर दिनानाथ म्हसकरांच्या नावावर आहे. फोटो पण त्यांचाच आहे." तिने स्क्रीन थोडी वळवली. जाड मिशांचा, कॅमेऱ्यावर रागावल्यासारखा बघणारा दिनानाथ. पाच वर्षांपूर्वीचा.

"नंबर माझाच आहे, बाळा. पाच वर्षं मीच वापरतोय."

"वापरत असाल काका. पण रेकॉर्डला तुमचा नाहीये. म्हसकरांना स्वतः यावं लागेल, ओरिजिनल ओळखपत्र घेऊन. मग तुम्हाला पाहिजे तर ट्रान्सफरचा फॉर्म भरून तुमच्या नावावर करून देईन. पण आधी ते पाहिजेत." तिने फॉर्म दिला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

भीमराव बाहेर येऊन पायरीवर बसले. हे ते विसरले होते असं नव्हे. पण माणूस काही गोष्टी इतकी वर्षं आठवायच्या टाळतो, की त्या विसरल्यासारख्याच होतात.

पाच वर्षांपूर्वी दोघंच उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात आले होते, ते आणि दिनानाथ. एकाच मशीन शॉपमध्ये शेजारी शेजारी पंचवीस वर्षं काम केलेले. दिनानाथ मूळचा माणगावकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. तोंडाने फटकळ. टेकचंद सिंधीच्या दुकानात भीमरावांनी सेकंडहँड हँडसेट घेतला. नंबरांची यादी बघता बघता दिनानाथनेच त्या छप्पनवर बोट ठेवलं. "ह्यो घे. तुझा साल." मग टेकचंदने ओळखीचा पुरावा मागितला. भीमरावांचं रेशनकार्ड नाव वाढवायला ऑफिसात अडकलेलं, मतदार कार्ड तर तोवर आलेलंच नव्हतं. दिनानाथ मात्र गॅस कनेक्शनच्या कामाला निघालेला, त्यामुळे त्याच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये झेरॉक्स, फोटो सगळं तयार. "माझी लाव रे," तो म्हणाला होता. "सिमकार्ड घ्यायचाय, लग्न नाय लावायचाय." तिघंही हसले होते. तेव्हा असंच चालायचं. एकेका मतदार कार्डावर अख्ख्या चाळीचे फोन वाजत होते, आणि कंपनी विकली जाईपर्यंत कुणाच्या ते ध्यानातही येत नव्हतं.

दीडेक वर्षाने त्या फोनवर दिनानाथच्या मुलीचा, अक्षदाचा, फोन आला. तिला उल्हासनगरच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या बुद्धभूषणशी लग्न करायचं होतं. "काका, तुम्हीच लावा. लहानपणापासून तुमच्या खांद्यावर बसलेय मी. फक्त बाबांना आत्ता सांगू नका. मी सांगेन नंतर." भीमरावांनी तिला समजावून पाहिलं. ती रडायला लागली. शेवटी त्यांनी शब्द दिला, आणि नऊ दिवसांनी बदलापूरच्या विहारात ते लग्न लावलं.

दिनानाथला तिसऱ्या दिवशी कळलं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर त्याने डब्याचं झाकण आपटलं. "नऊ दिवस माझ्या डब्यातली मच्छी खाल्लीस तू," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर साडेतीन वर्षं एक शब्द नाही.

मुलीवरचा राग तर केव्हाच गेला होता. नातू झाला, त्याच्या जावळाच्या दिवशी दिनानाथ तिच्या घरी जाऊन जेवूनही आला. निवृत्तीनंतर त्याने चामटोलीला दोन गुंठ्यांत घर बांधलं, तिथे मुलगी-जावई येतात-जातात, हेही भीमरावांच्या कानावर होतं. राग उरला होता तो फक्त मित्रावर. त्यात जातीचा भाग नव्हताच, असं भीमराव छातीठोकपणे सांगू शकले नसते. साडेतीन वर्षं तेच एक कारण धरून ते स्वतःला बरोबर ठरवत आले होते. तो जातीसाठी तुटला, आपण काय करणार? असं म्हटलं की झोप बरी लागायची.

पायरीवरून उठून ते आधी टेकचंदकडे गेले. टेकचंदने सगळं ऐकलं आणि हात झटकला.

"अरे दादा, तुम्ही पण ना! इसमें क्या है? दिनानाथचा जुना फॉर्म माझ्याकडे पडलाय, फोटो पण आहे. तुम्ही साईन मारो त्याची, मी उद्या आत देतो. खतम. कौन बघतो?"

त्याने खरोखरच फॉर्म काढला. खाली दिनानाथची सही होती, सोपी, शाळकरी. दोनदा सराव केला असता तर जमली असती. भीमरावांनी पेन हातात घेतलंसुद्धा. चार विहारांचे फलक डोळ्यांसमोर आले. आणि मग हेही आठवलं, की दर लग्नात, दर अंत्यविधीत आपण लोकांकडून पंचशील म्हणवून घेतो, आणि त्यात खोटं न बोलण्याचं एक शील आहे. साडेतीन वर्षांपूर्वी आपण खोटं बोललो नव्हतो, फक्त गप्प बसलो होतो. आज तर सरळ त्याचं नावच लिहायला निघालोय. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नको टेकचंद. त्या माणसाच्या पाठीमागे एकदा झालं तेवढं पुरे."

घरी सुंदराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "सही पाहिजे म्हणून जाताय, की जायचंय म्हणून सहीचं निमित्त मिळालंय?"

"सही पाहिजे म्हणून," भीमराव म्हणाले. ते खरं होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

गुरुवारी ते बदलापूरहून सहा सिटर रिक्षा करून चामटोलीला गेले. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. इतके दिवस त्यांनी रोज उद्या जाऊ म्हणून काढले होते. माणसं मेलेल्या घरात न डगमगता पाऊल टाकणारा हा माणूस एका जिवंत मित्राच्या घराला घाबरत होता.

दिनानाथ अंगणात वालाच्या वेलाला काठी बांधत होता. मिशा पांढऱ्या झालेल्या. त्याने वळून पाहिलं, आणि पुन्हा सुतळीकडे वळला. त्याची बायको बनूबाई ओटीवर आली. क्षणभर तिला काय करावं सुचेना. मग आत जाऊन तिने पाण्याचा तांब्या आणला, खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "बसा भावजी. सुंदरावहिनी बऱ्या हायत ना?" तेवढं विचारून ती आत गेली, पण दाराआडच थांबली असावी.

भीमरावांनी सांगितलं. कंपनी विकली गेलीय, कागद मागतात, नंबर तुझ्या नावावर निघाला, उद्या शेवटचा दिवस. एका दमात, हजेरी दिल्यासारखं सांगून टाकलं.

दिनानाथने गाठ मारली. तोडायला कोयता उचलला, सुतळी तोडली.

"म्हणजे कंपनी इकली म्हणून आलास."

"हो."

"नसती इकली तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "येणारच होतो रे कधीतरी" एवढं म्हटलं असतं तर कदाचित चाललंही असतं. दाराआडून बनूबाईलाही तेच ऐकायचं असावं.

"नसतो आलो," भीमराव म्हणाले.

दिनानाथने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तो बांधावर बसला.

"तुला म्हायत हाय काय, भीमा? तुझा नंबर मी एका सहीत बंद केला असता. गेलो पन हुतो. लग्नाचा कळला, त्याच आठवड्यात, टेकचंदकडं. त्यो म्हनला, नंबर तुमच्या नावाचा हाय, हिथं सही करा, सांच्यापर्यंत बंद. माझ्याच नावाच्या फोनवर माझ्या पोरीचा लगीन ठरला, नि मला पत्ता नाय! कुनाचा पन डोका फिरंल."

भीमरावांना हे नवीनच होतं. टेकचंदने कधी सांगितलं नव्हतं. "मग का नाही केलास?"

"त्याच येळंला दुकानात एक बाई आली, तुमच्यातलीच. नवरा गेलेला. टेकचंदच्या फोनवरनं तुला लावत हुती. नंबर तिला पाठ." तो थांबला. "म्हटला, ह्या बाईनं काय केलाय माझा? नि आलो माघारी."

रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. साडेतीन वर्षं ज्या नंबरावर लोकांची दुःखं ऐकली, ती सगळी या माणसाच्या एका न केलेल्या सहीवर चालली होती. आणि आपण त्याला मनातल्या मनात जातवाला म्हणून निकालात काढत होतो.

"दिन्या," ते म्हणाले, "अक्षदाला शब्द दिला तेव्हाच मला कळत होतं, तुझ्यावर अन्याय होतोय. लग्न लावलं त्याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा लावीन. पण लग्नाच्या आदल्या रात्री तरी तुला सांगायला पाहिजे होतं. मी भ्यालो. तू लग्न मोडशील असं वाटलं."

"मोडला पन असता," दिनानाथ म्हणाला. "मी काय साधू नाय. तवा मोडलाच असता. पन तू सांगून मोडला असता, तर भांडान झाला असता. भांडान मिटतो. तू मला मोजलाच नाय, त्याचा काय करायचा?"

भीमराव उठले. "उद्या अकरा वाजता मी गॅलरीत असेन," ते म्हणाले. "आलास तर बरं. नाही आलास तर माझी तक्रार नाही." बनूबाई दारात येऊन चहा ठेवते म्हणाली, पण तोवर ते फाटकाबाहेर पडले होते. चहाला थांबलो तर रडू येईल, अशी त्यांना भीती वाटली.

शुक्रवारी गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं उल्हासनगर दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने बोलत होतं, असं त्या दिवशी उघडकीला आलं. कुणाचा नंबर मेहुण्याच्या नावावर, कुणाचा जुन्या घरमालकाच्या, एका बाईचा तर तिने सोडलेल्या नवऱ्याच्या. एक जण काउंटरवर ओरडत होता, "मॅडम, मेसेजमें तो लिखा था कुछ नहीं बदलेगा!" शीला पाण्याची बाटली तोंडाला लावून त्याला सांगत होती, "सर, नंबर तोच राहणार आहे, फक्त तुम्ही तुम्हीच आहात हे दाखवा."

भीमरावांनी ट्रान्सफरचा फॉर्म घरूनच भरून आणला होता. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात, फोटो चिकटवून. साडेअकरा झाले. बारा झाले. त्यांनी मनात हिशेब मांडला, की नवीन नंबर घेतला तर चार फलक रंगवायला किती दिवस लागतील, आणि दारामागच्या खडूंचं काय. त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दिनानाथ आला नाही तर आता मधे कोणतंच निमित्त उरणार नव्हतं. पुन्हा चामटोलीला जायला पायच उचलला नसता.

साडेबाराला दिनानाथ आला. इस्त्रीचा शर्ट, हातात तेच प्लॅस्टिकचं फोल्डर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. भीमरावांच्या शेजारी रांगेत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मधी रेल्वेचा फाटक पडलेला." मग पाऊण तास दोघंही समोरच्या काउंटरकडे बघत राहिले. पण उभे राहिले ते एकाच रांगेत.

शीलाने स्क्रीनवरच्या फोटोकडे पाहिलं, समोरच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. ओळखपत्र तपासलं, झेरॉक्सवर शिक्का मारला, दिनानाथची सही घेतली. "झालं काका. नंबर चालू राहील." मग तिने भीमरावांकडचा भरलेला फॉर्म मागून घेतला आणि दिनानाथपुढे सरकवला. "आता इथे सही केली की नंबर यांच्या नावावर. म्हणजे तुम्हाला परत यायचा त्रास नाही."

दिनानाथने खिशातून चष्मा काढला. फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. भीमरावांचा फोटो वाचल्यासारखा बघितला.

"पोरी, एक सांग," तो म्हणाला. "ही तुमची नवी कंपनी. ही पन इकली जाईल काय कधी?"

शीला गडबडली. असं काही सांगायची तिला परवानगी नसावी. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काका, काही सांगता येत नाही. जाऊ पण शकते."

"मंग परत कागद मागवशाल?"

"मागवतील बहुतेक. ज्यांच्या नावावर नंबर आहे, त्यांना स्वतः यावं लागेल."

"ज्येच्या नावावर हाय त्येला."

"हो."

दिनानाथने चष्मा काढून मिटला. सही न करता फॉर्म उचलला आणि भीमरावांच्या हातात दिला.

"राहू दे माझ्याच नावावर."

भीमरावांना पहिल्यांदा रागच आला. एवढं सगळं करून शेवटी हा अडवणूक करतोय, असंच त्यांना वाटलं. मागची रांग कुरकुरायला लागली होती. "अरे पण दिन्या, का? परत कधी गरज पडली तर मी पुन्हा चामटोलीपर्यंत..."

"हा," दिनानाथ म्हणाला. "पुन्हा चामटोलीपर्यंत यायचास. तू आपनहून येनारा मानूस नाय, ते काल तूच बोललास."

शीला दोघांकडे आळीपाळीने बघत होती. भीमरावांनी नीट भरलेला तो फॉर्म चार घड्या करून खिशात घातला, आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.